बिनतिखटाचा स्वयंपाक

मुलुंड पूर्व

प्रिय प्रांजल,

हे पत्र स्पीडपोस्टने पाठवतेय. फोनवर आपण दोघी नेहमी घाईत असतो. तू ‘हो आई, ठीक आहे आई’ म्हणून ठेवून देतेस आणि मी ठेवू देते. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझ्या बाबांनी वाचलं असतं, कारण माझा फोन बिघडला की तेच बघतात आणि बिघडला नसला तरी बघतात. म्हणून कागद. बसून वाच, शेवटपर्यंत वाच, आणि मधेच उठून त्यांना फोन लावू नकोस.

या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. म्हणजे खरंच गॅसवर शिजतंय. तुझे बाबा स्वयंपाक करायला लागलेत. चहाचं आधण ठेवायचं तर ‘पातेलं कुठलं घेऊ’ असं विचारणारा माणूस गणपती गेल्यापासून रोज दुपारी ओट्याशी उभा असतो. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, “वेळ जातो गं.” कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हापासून वेळ पेपरात आणि झोपेत छान जात होता. मग म्हटलं, करायचंच तर भात लावायला शिका, पिठलं शिका. तर नाही. यांना तुझ्या त्या पोलंडचंच करायचं. “पारंपरिक आहे, एकदा तरी खाऊन बघायला हवं,” हे वाक्य ते पाठ केल्यासारखं म्हणाले. तुला ठाऊक आहे, मी नोकरीभर इन्स्पेक्शनला होते. माल हातात आला की आधी तो नापास समजायचा आणि मग पास व्हायची संधी द्यायची, ही आमची रीत. तशीच मी बघायला लागले.

पहिल्यांदा बीट आलं. ढीगभर बीट. त्याचं लाल पाणी काढलं, त्याला बार्श्च म्हणतात म्हणे. रंग बघून मला वाटलं कोकमाचं आगळ काढलंय. चवीला गोडसर, आंबट, आणि पोटात गेल्यावर बरं वाटतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही. मग झुरेक. राय नावाच्या तिकडच्या धान्याचं पीठ भिजवून आंबवतात आणि त्याचं सूप करतात. राय इथे कुठून आणणार, म्हणून यांनी नाचणी घेतली. मी भांड्यात डोकावले आणि म्हटलं, अहो, ही आंबील आहे, माझी आजी कणकवलीला करायची. तर म्हणाले, “आंबिलीत अंडं असतं का?” आणि खरंच वर उकडलेलं अंडं कापून ठेवलं. तेही खाण्यासारखं होतं. मग पिएरोगी. माझं करंजीचं कातण दिवाळीच्या आधीच डब्यातून गायब झालं तेव्हाच मला शंका आली होती. बटाटा आणि पनीर भरून नेवऱ्या केल्या, तळायच्या सोडून पाण्यात उकडल्या आणि वर लोण्यात परतलेला कांदा घातला. मुरड घालता येत नव्हती, ती मी दाखवली. तेवढीच माझी मदत.

कोबी आंबवायला ठेवला तेव्हा मात्र बिल्डिंगभर झालं. लोणच्याची मोठी बरणी खिडकीत. समोरच्या जानकीवहिनी दार वाजवून म्हणाल्या, “नीलमताई, तुमच्याकडे काही मेलंय का? उंदीर वगैरे?” तुझे बाबा आतून ओरडले, “मेलं नाही वहिनी, जन्माला येतंय!” त्या काय समजल्या देव जाणे. दुसऱ्या दिवशी विचारत होत्या, प्रांजलकडे गोड बातमी आहे का म्हणून. एकदा दुपारी मी बाहेरून आल्या आल्या तुझे बाबा म्हणाले, “आज गोवोंपकी. म्हणजे लहान कबुतरं.” मी पर्स टेबलावर ठेवली नाही, आपटली. सोसायटीने कबुतरांना जाळ्या लावण्यात सगळा फंड घातला आणि हे घरात कबुतर शिजवतायत! तर कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळलेला, टोमॅटोच्या रसात. नुसतं नाव कबुतर. सांगायला हरकत नाही, मी ती तीन खाल्ली.

आता कामाचं सांगते. पदार्थ मला नडले नाहीत. त्यात काय नव्हतं ते नडलं. या सगळ्या स्वयंपाकात तिखट नाही. कणभर नाही. तिकडे घालत नाहीत हे मला कळतं, पण हा माणूस वरणभातावर लसणीची चटणी घेतो, आमरसाबरोबर मिरची चावतो. तो इतके दिवस बिनतिखटाचं करतोय, चमचाभर चाखतोय, आणि मला विचारतोय, “बघ गं, तिखट नाही ना लागत?” ‘तिखट कमी पडलं का’ असं विचारलं असतं तर मी समजले असते.

मग एके दिवशी बोरिवलीला जातो म्हणून गेले. कारखान्यातल्या बस्त्यावकडे, तो आजारी आहे म्हणे. परत आले तर चपलांना वाळू आणि टाचेला खाडीचा चिखल. बोरिवली स्टेशनाबाहेर वाळू कधीपासून आली? विचारल्यावर कबूल झाले की होडीने पलीकडे गोराईला गेले होते, बस्त्यावच्या घरी. बस्त्याव ठणठणीत आहे, त्याच्या बायकोने सॉसेजची माळ दिली होती ती पिशवीत होती. आपल्या घरात डुकराचं कधी आलं नाही. मी आकांडतांडव केलं नाही, जुनी कढई काढून दिली आणि म्हटलं, ही आता तुमची. त्यांनी त्या सॉसेजचं आणि आंबलेल्या कोबीचं बिगोस केलं, सुकी आलुबुखारं घालून, तास न् तास मंद गॅसवर. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, आपल्या माशाच्या कालवणासारखं. पण त्याआधी काय केलं सांगू? बस्त्यावच्या बायकोने मसाला भरून केलेली ती सॉसेजं त्यांनी सोलली, गरम पाण्यात उकळली, ते लाल पाणी फेकलं, परत उकळली. तिखट धुऊन काढत होते. मी दारात उभी राहून बघत होते. जिभेला चटक म्हणून गोराईपर्यंत गेलेला माणूस चटक धुऊन टाकत नाही. हे ते स्वतःसाठी करत नव्हते. माझ्यासाठी तर नाहीच.

त्यानंतर मी सगळं नीट बघायला लागले. कोपित्का म्हणून बटाट्याचे गोळे करतात, ते आधी अंगठ्याएवढे होते, मग बोटाच्या पेराएवढे झाले. नेवऱ्यासुद्धा लहान झाल्या. कोबीची पानं अर्धी कापली जायला लागली. कोण एवढा एवढा घास घेतं? आणि प्रत्येक वेळी फोटो काढून तुला पाठवायचा, मग दार ओढून तुझ्याशी बोलायचं. आपल्या स्वयंपाकघराचं दार आपण या घरात आल्यापासून कधी लागलेलं मला आठवत नाही. वर तो एक्झॉस्ट फॅन चालू. मी दाराला कान लावला असं समजू नकोस, मी फ्रिजमधून पाणी घ्यायला गेले होते. फ्रिज दाराला लागून आहे.

जे कानावर आलं ते असं. तुझे बाबा म्हणत होते, “घर बापाचं आहे ना. मग! बापाला आधी विचारायला पाहिजे.” आणि हसले. मी पाण्याची बाटली तशीच परत ठेवली. तुला माहीत आहे आपली सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय आणि फ्लॅट तुझ्या बाबांच्या नावावर आहे. मी तेव्हा म्हटलं होतं दोघांचं नाव घालू, तर वकील म्हणाला कशाला उगाच. आता लेक आणि बाप दार लावून बोलतायत, घर बापाचं आहे. तू तोमेकशी लग्न केलंस त्या लग्नाला मी आले नाही, त्यावर तू कधी एक शब्द बोलली नाहीस, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते मला माझ्यावरून कळतं. म्हटलं, आता निघालं बाहेर. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ऐकू आलं, “जेवण नाही गं तिखट. बापाचं तिखट आहे.” याचा तर मला काही अर्थच लागेना. पण ‘बापाचं’ हा शब्द सारखा येत होता.

मग आला किरण. किरण म्हणजे स्टेशनजवळचा इस्टेट एजंट, तू इथे होतीस तेव्हा त्याचा बाप ते दुकान चालवायचा. बाबा आंघोळीला गेले होते, फोन वाजला, मी उचलला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत हा सुरू, “काका, भांडुपचा मालक तयार आहे, पण तो विचारतोय, एकटी बाई आणि लहान मूल म्हणता, तर मिस्टर कुठे असतात? सिंगल बाईला द्यायला लोक कांकूं करतात ना.” मी म्हटलं, काका बाथरूममध्ये आहेत, मी काकी बोलतेय. तर म्हणाला, “काकी, राँग नंबर लागला.” राँग नंबरला माझं काकीपण कळलं!

एक बाई, एक लहान मूल, भांडुपला खोली, आणि हे सगळं माझ्यापासून लपवून. क्षणभर माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही, तुझे बाबा आहेत ते. पण वय झालं म्हणून कुठलाही माणूस संशयातून सुटत नाही, हे माझं मत आहे. मी घरात बसून झुरणारी नाही. साडी बदलली, किरणच्या दुकानात गेले आणि म्हटलं, चल, ती खोली दाखव. त्याने बरेच आढेवेढे घेतले. मी त्याच्या बापाचं नाव काढल्यावर उठला. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पाणी सकाळी तासभर, भिंतीला ओल इतकी की बोट लावलं की रंग हाताला येतो. मी एवढंच विचारलं, काकांनी पाहिली का ही? “पाहिली ना काकी, दोनदा. त्यांना पसंत नाही, पण म्हणाले तुमच्या घरापासून जवळ आहे, दुसरं बजेटमध्ये नाही. फक्त खिडकीला जाळी बसवून द्या म्हणाले. पोरगी चार वर्षांची आहे ना.”

चार वर्षांची पोरगी. माझ्या ओळखीत चार वर्षांची पोरगी एकच आहे.

मी त्या खिडकीशी उभी राहिले. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. गणपतीपासून तू पाठवलेल्या एकाही फोटोत तोमेक नाही. मी विचारलं की ‘कामावर गेलाय’. रविवारीसुद्धा कामावर. मीराच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे खुंटीवर एकच मोठा कोट आणि एक छोटा. मी ते पाहिलं होतं, नोंदलं होतं, आणि विचारलं नव्हतं. तू परत येतेस. मीराला घेऊन येतेस, त्याच्याशिवाय. आणि मला न सांगता, माझ्या घरापासून दोन स्टेशनं अलीकडे, ओल आलेल्या खोलीत राहणार आहेस.

प्रांजल, खरं सांगते, मला आधी वाईट वाटलं नाही. राग आला. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी तुझ्याशी आणि तुझ्या बाबांशी मनातल्या मनात कडाडून भांडले. म्हटलं, बरोबर आहे, घर बापाचं, तेव्हा आई त्यात धरलेलीच नाही. बापलेकीने सगळं ठरवलं, आणि रिडेव्हलपमेंट झाली की बापाच्या घरात लेक येईल, तोवर भांडुप. मला बाजूला ठेवून माझ्याच गॅसवर तिचा स्वयंपाक! घरी आले ती तोंड फिरवून झोपले. बाबा दोनदा येऊन विचारून गेले, “बरं नाही का?”

दुसऱ्या दिवशी ते हॉलमध्ये मोबाईल उभा करून नालेश्निकी शिकत होते. ते आपल्या घावन्यासारखं असतं, आत गोड पनीर. व्हिडिओत एक म्हातारी होती, डोक्याला रुमाल बांधलेली, हात पिठाने भरलेले, चेहरा असा की शेजारणीच्या दारात भांडायला निघालीय. मला ती लगेच आवडली. तेवढ्यात मागून एक लहान पोरगा धावत आला आणि तिला मिठी मारून ओरडला, “बापचा! बापचा!” मी तिथेच थांबले. म्हटलं, हे काय बोलला तो? तुझ्या बाबांचं लक्ष तव्याकडे होतं, घावन फाटत होतं, ते सहज म्हणाले, “बाप्चा. म्हणजे आजी. तिकडे आजीला बाप्चा म्हणतात.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पण नाही. मी आत जाऊन पलंगावर बसले.

घर बाप्चाचं आहे ना. मग! बाप्चाला आधी विचारायला पाहिजे. ते तुझ्याशी बोलत नव्हतेच. ते मीराशी बोलत होते. ती विचारत असणार, मी तिथे सायकल चालवू का, उड्या मारू का, आणि ते सांगत होते, घर तिचं आहे, तिला विचारावं लागेल. आणि जेवण तिखट आहे का, असं तिने विचारलं असणार. म्हणून जेवण तिखट नाही, बाप्चा तिखट आहे. मी इतकी वर्षं मराठीत बोलतेय, मराठीत भांडतेय, आणि एका चार वर्षांच्या मुलीने मला मारलेली हाक मला बापाच्या इस्टेटीसारखी ऐकू आली. तिने मला कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोनच्या पडद्यावर पाच मिनिटं, तीही मी तिला ‘जेवलीस का’ विचारते आणि ठेवते. तरी तिच्या हिशेबात घर माझं आहे. तुझ्या हिशेबात नाही, म्हणून तू भांडुपला उतरायला निघालीस. तू का निघालीस तेही मला कळतं. मी तोंड उघडलं की पहिलं वाक्य कुठलं येईल, ते तुला तिथे बसून ऐकू येतंय.

तर आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. तोमेक मला पहिल्यापासून पटला नव्हता, आजही पटत नाही, त्यात काही बदल नाही. पण ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य या घरात बोललं जाणार नाही. माझ्याकडून नाही, आणि कोणी पाहुणा बोलला तर त्याचा चहा अर्धा राहील. मी काही विचारणार नाही असं खोटं लिहीत नाही. विचारीन. पण तू जेवल्यावर, झोपून उठल्यावर, आणि तुला सांगावंसं वाटेल तेवढंच. आतल्या खोलीतलं माझं शिवणयंत्र हॉलमध्ये आणलंय आणि खिडकीला जाळी बसवून घेतलीय. तुझ्या बाबांना सांगितलं की कबुतरांसाठी. ते ‘बरं’ म्हणाले. किरणला जाऊन सांगितलं, भांडुपच्या मालकाला कळव, मिस्टर कुठे असतात हे विचारायची गरज उरली नाही, जागा मिळाली. मात्र काकांना एवढ्यात बोलू नकोस, म्हण, मालक हो म्हणालाय, चावी आयत्या वेळी देईल. प्रांजल, तूही त्यांना काही सांगू नकोस. मला सगळं कळलंय हे त्यांना समजलं तर उलथनं माझ्या हातात देऊन मोकळे होतील, आणि त्यांची नालेश्निकी अजून फाटतात. विमानतळावर तेच येतील, आणि टॅक्सीत बसल्यावर खाली मान घालून भांडुप सांगतील. त्यांना सांगू दे. मग तू ड्रायव्हरला मुलुंड पूर्व सांग. भांडुप आधी लागतं. तिथे उतरू नकोस.

रागावलेली, पण तुझीच,
आई